कृष्णधवल सिनेमातला लाल स्वेटर

स्वेटर लाल नव्हता. म्हणजे सिनेमात तरी नव्हता, कारण त्या सिनेमात कुठलाच रंग नव्हता. हे मला एका सकाळी फोनवर एका अनोळखी बाईने सांगितलं. मी तेव्हा टेबलावर सांडलेला चहा जुन्या वर्तमानपत्राने टिपत होते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत कागद पार भिजून बोटांना चिकटला तरी मी टिपतच राहिले. "तुम्हीच परीक्षणं गोळा करता ना? मी त्या तलावाच्या सिनेमाची दिग्दर्शक," ती म्हणाली. "आमच्या सिनेमाला तुमच्या साइटवर मोजून आठ-नऊ परीक्षणं आहेत. त्यातलं एक काढून टाका." असे फोन आम्हाला रोज येतात. दिग्दर्शक शिव्या देतात, रडतात, एकाने तर स्वतःच्या आईलाच फोनवर आणलं होतं. मी ठरलेलं उत्तर दिलं, की परीक्षण विरोधात आहे म्हणून काढता येत नाही. "विरोधात कुठे आहे? बाजूने आहे," ती म्हणाली, "भरभरून बाजूने आहे. पण त्या गृहस्थांनी माझा सिनेमा पाहिलेलाच नाही. ते लिहितात, राखाडी तलावाच्या काठी त्या मुलीचा लाल स्वेटर हीच या सिनेमातली एकमेव ऊब. अहो, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत." तिला वाटलं मला पटलं नाही. "कॉलेजात मी त्यांची परीक्षणं कापून भिंतीला लावायचे," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी फोन केला नसता. उलट पेढे वाटले असते."

ते गृहस्थ म्हणजे माझे बाबा. हे तिला ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. ते वाक्य मात्र मला पाठ होतं. चार दिवसांपूर्वी त्याच वाक्यावर थांबून मी त्या परीक्षणापुढे 'हो' असा शेरा मारला होता. माझं काम तेवढंच आहे. शहरातल्या सगळ्या समीक्षकांनी लिहिलेलं वाचायचं, मग तो गल्लाभरू मारधाडीचा सिनेमा असो की कोणी घरदार विकून केलेला आणि चार खेळांत उतरणारा, आणि प्रत्येक परीक्षणापुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. मग यंत्र टक्केवारी काढतं आणि लोक ती बघून तिकीट काढतात किंवा काढत नाहीत. बहुतेक परीक्षणं हो आणि नाहीच्या मध्ये लोंबकळत असतात. मी रसायनशास्त्र शिकले. प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडताना एका थेंबाला चंचुपात्रातलं पाणी एकदम गुलाबी व्हायचं. परीक्षण वाचताना मी त्या थेंबाची वाट बघते. कुठल्यातरी एका वाक्याला मजकूर रंग बदलतो. बाबांच्या परीक्षणात तो थेंब म्हणजे तो स्वेटर होता. इतकं नेमकं वाक्य, इतकं साधं, की मला तो तलाव दिसला होता, त्याच्या कडेच्या फरश्या दिसल्या होत्या, बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाची हिवाळाभर राखण करणारी ती मुलगी दिसली होती. आणि आता कळत होतं, की मला जे दिसलं ते कुठेच नव्हतं.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'सरासरी' म्हणतो. त्यांचं वजन, उंची, पगार, मतं सगळं सरासरीइतकंच आहे असा त्यांच्याबद्दलचा विनोद आहे, आणि तो त्यांना ठाऊक आहे. त्यांचा एकच नियम आहे, पण तो ते जिवापाड जपतात: न पाहिलेल्या सिनेमावर जो लिहील त्याचं नाव आमच्या समीक्षकांच्या पॅनेलवरून कायमचं जाईल. सूट नाही, दुसरी संधी नाही. वर्तमानपत्रंही आताशा आमच्या पॅनेलवर असलेल्यांनाच स्तंभ देतात, म्हणजे इथून नाव गेलं की तिथली जागा गेलीच. मी त्यांना फोनबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघ," ते म्हणाले, "तुझे बाबा आहेत, म्हणून मी यात पडत नाही. तूच बघ आणि तूच सांग. त्यांनी पाहिला असं तू म्हणालीस तर पाहिला. मी वर एक शब्द विचारणार नाही." मला वाटलं, हा माणूस चांगुलपणा करतोय. मग वाटलं, हा माणूस माझ्या गळ्यात धोंड बांधतोय. दोन्ही खरं असावं. "उद्या संध्याकाळपर्यंत सांग पण," ते म्हणाले, "ती बाई गप्प बसणाऱ्यातली वाटत नाही."

जागेवर परत येऊन मी एक जुनी फाइल उघडली. मोकळ्या वेळात करमणूक म्हणून मी प्रत्येक समीक्षकाचं इतरांपासूनचं अंतर काढून ठेवते, कोण किती वेळा सगळ्यांच्या उलट बोलतो ते. बाबांचं अंतर एके काळी सर्वांत मोठं होतं. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या सिनेमाला बाबा 'नाही' म्हणायचे आणि सगळ्यांनी लाथाडलेल्या एखाद्या फुटकळ भुताच्या सिनेमात त्यांना एक जिना सापडायचा, दारावर ठेवलेला एक हात सापडायचा, आणि त्यासाठी ते 'हो' म्हणायचे. ऑफिसात त्यांना 'उलटा पंखा' म्हणत. मग दोन वर्षांपूर्वीपासून आलेखावरची त्यांची रेघ उतरायला लागली होती. हळूहळू, एखाद्या चहाचं तापमान उतरावं तशी, खोलीच्या तापमानाला येऊन टेकेपर्यंत. गेल्या सहा महिन्यांत बाबांचं एकही मत बहुमताच्या विरुद्ध नव्हतं. ही रेघ मी पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, आणि मला बरं वाटलं होतं. "तुझे बाबा सुधारले हं," असं सरासरी एकदा म्हणाले तेव्हा मी हसले होते. म्हटलं, वय झालं, धार गेली, माणूस मऊ झाला. मऊ होणं चांगलंच असतं असं आपण का धरून चालतो कोण जाणे. फळ मऊ होतं तेव्हा आपण त्याचा वास घेऊन बघतो.

लहानपणी बाबा मला सिनेमाला न्यायचे तेव्हा एक दंडक होता. थिएटरातून बाहेर पडल्यावर पूल ओलांडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पुलाखाली पाणी कमी आणि प्लास्टिक जास्त असायचं, बाबा खिशात हात घालून पुढे, मी मागे, तोंडात सिनेमा गच्च भरलेला. पूल संपला की ते वळायचे. "हं, बोला शास्त्रज्ञ." मी तेव्हा शास्त्रज्ञ नव्हते, सात-आठ वर्षांची होते, पण गोगलगाईवर मीठ टाकून काय होतं ते बघितल्यापासून हे नाव मला चिकटलं होतं. "खूप आवडला," मी म्हणायचे. "आवडला ते नंतर. काय दिसलं ते सांग." मी सांगायचे, नायकाने दार आपटलं. "कुठल्या हाताने?" मला आठवायचं नाही. "मग आवडला कसा म्हणतेस?" आई होती तेव्हा ती चिडायची, म्हणायची, पोरीला सिनेमा बघू द्याल की पंचनामा करायला लावाल. पण मला त्या प्रश्नांचं वेड लागलं. पुढे कॉलेजात सर म्हणाले, आधी निरीक्षण, मग अनुमान, तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता आणि मी मनात म्हणत होते, कुठल्या हाताने.

त्या संध्याकाळी घरी बाबा खिडकीशी बसून नखं कापत होते, पायाखाली वर्तमानपत्र नीट पसरून. आत्या, त्यांची धाकटी बहीण, आई गेल्यापासून आमच्याकडेच असते. ती आत भाजी चिरत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, तो तलावाचा सिनेमा कसा होता हो?" बाबांनी मान वर केली. "कुठला तलाव?" त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, लबाडी नाही, आठवायचा प्रयत्नही नाही. मग तो चेहरा एकदम भरला, रिकाम्या खोलीत कोणी घाईघाईने सामान आणून मांडावं तसा. "हां, तो होय. चांगला होता. लिहिलंय की मी. वाचलं नाहीस?" आणि पुन्हा नखांकडे वळले. मी त्यांच्या टेबलावरची पुस्तिका उघडली. प्रत्येक खेळाला समीक्षकांना अशी गुळगुळीत पुस्तिका देतात, त्यात गोष्ट, नावं, फोटो असतात. फोटो चित्रीकरणाच्या वेळी काढलेले होते, साध्या कॅमेऱ्याने, रंगीत. दुसऱ्या पानावर ती मुलगी तलावाच्या काठी पाय सोडून बसली होती, आणि तिच्या अंगात लाल स्वेटर होता. मला काय अपेक्षा होती कुणास ठाऊक. खरं सांगायचं तर मला आईचा एखादा लाल स्वेटर आठवायला हवा होता, म्हणजे बाबांच्या मनात काहीतरी खोलवरचं हललं असं म्हणता आलं असतं. पण आईकडे लाल स्वेटर नव्हता. तिला तो रंगच आवडत नसे. लाल पुस्तिकेतून आला होता. बाकी काही नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. "आत्या, बाबा विसरतात का गं हल्ली?" आत्याची सुरी थांबली नाही. "माणसं विसरतातच. मी नाही का, चष्मा डोक्यावर आणि घर पालथं घालते?" "तसं नाही." "तसं नाही तर कसं? दादा वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो, सिनेमाला जायच्या दिवशी स्वतः शर्टाला इस्त्री करतो. त्या दिवशी बघ त्याला. नवरदेव लाजेल." मग सुरी थांबली. "हे बघ बाई, तू काही शोधायला जाऊ नकोस. सापडलं तर ठेवायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिनेमाचा खेळ होता. हरवलेल्या मुलाला शोधत शहरभर फिरणाऱ्या आईची गोष्ट, मोठी नटी, मोठा खर्च. मी म्हटलं, मीही येते. "अरे वा, शास्त्रज्ञ! आज प्रयोगशाळेला सुट्टी?" बाबा खरंच खूश झाले. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं, नीट पाडलेला भांग. बसमध्ये त्यांनी माझं तिकीट काढलं. थिएटरच्या पायऱ्या मोजल्यासारख्या चढले, कठड्याला हात न लावता. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, कडेच्या, बसले. माझ्या मनात आलं, सगळं ठीक आहे, त्या दिवशी ताप असेल, डुलकी लागली असेल, पुस्तिका बघून वेळ मारून नेली असेल. एवढंच असेल तर मी खोटं बोलेन, डोळे मिटून बोलेन. दिवे गेले.

थोड्या वेळाने बाबा माझ्या कानाशी आले. "ही कोण?" "आई आहे. तिचा मुलगा हरवलाय." त्यांनी मान हलवली. पडद्यावर त्या नटीने पोलिसांना फोटो दाखवला, रेल्वेचा फलाट पालथा घातला, एका भिंतीला टेकून ती रडली, आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कारण सिनेमा चांगला बांधला होता आणि मी काही दगड नाही. "ही कोण?" बाबांनी विचारलं. तोच आवाज, तेच कुतूहल, नवंकोरं. त्यात भीती असती तर मला सोपं गेलं असतं. "आई आहे बाबा. मुलगा हरवलाय." "अरेरे," ते म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले नव्हते, या वेळी म्हणाले. आणखी एकदा विचारलं. मी सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी मी उत्तर दिलं नाही. मला बघायचं होतं उत्तर मिळालं नाही तर काय होतं, आणि हे बघायचं होतं याची मला अजून शिसारी येते. बाबांनी थोडी वाट पाहिली. मग मांडीवरची पुस्तिका उघडली आणि पडद्याच्या उजेडात ती डोळ्यांशी धरून, नटीचं तोंड आणि पुस्तिकेतलं तोंड असं आळीपाळीने जुळवत बसले. पडदा उजळला की वाचायचे, अंधारला की थांबायचे. सिनेमाच्या उजेडात सिनेमाबद्दल वाचणारा तो माणूस मी बराच वेळ बघितला. शेवटी मुलगा सापडला. सगळं थिएटर नाक ओढत होतं.

बाहेर चहाचं टेबल मांडलं होतं. बाबा पूर्वी या टेबलाकडे ढुंकूनही बघत नसत. दिवे लागायच्या आत तोंड मिटून बाहेर, पुलाच्या दिशेने. आज ते कप घेऊन उभे राहिले. एकेकाजवळ जायचे, खांद्यावर हात ठेवायचे. "काय म्हणता?" "साहेब, रडवलं हो," एक टकला समीक्षक म्हणाला. "रडवलं ना? हं." पुढचा. "काय म्हणता?" "बाईने कमाल केलीय." "कमाल. खरंय." एका तरुण पोरीने विचारलं, "तुम्हाला कसा वाटला सर?" बाबा मिस्कील हसले. "माझं उद्या वाचा." ती भारावून हसली. आणि मला ती उतरत गेलेली रेघ अखेर समजली. बाबा मऊ झाले नव्हते. जिथे मत उगवायचं ती जागा ओसाड पडली होती आणि ते दारोदार फिरून मूठ मूठ गोळा करत होते. ते माझंच काम करत होते. हो, हो, नाही, हो. भागिले माणसं. घरी जाऊन ते पुस्तिकेतली गोष्ट, टेबलावरचं मत आणि त्यांचं ते जुनं, सुंदर, अजून शाबूत असलेलं मराठी एकत्र करत. भाषा राहिली होती. भाषा सगळ्यांत शेवटी जात असावी.

मी त्यांना घरी सोडलं आणि ऑफिसला गेले. निघताना त्यांच्या खिशातली सकाळच्या सिनेमाची पुस्तिका काढून मी माझ्या पिशवीत टाकली. सरासरींना दाखवायला म्हणून, की यात फोटो रंगीत असतात आणि असं होऊ शकतं. पण दाखवली नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "पाहिला नव्हता." ते म्हणाले, "विचार करून बोलतेस ना?" मी म्हटलं, प्रयोगशाळेत एखादं उपकरण बिघडलं तर त्याला कोणी दोष देत नाही, त्याची मोजमापं तेवढी बाजूला काढतात. हे वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं. बोलून झाल्यावर ते मला फार गुळगुळीत वाटलं. सरासरी म्हणाले, "उपकरण म्हणे. बापाला?" आणि मान दुसरीकडे वळवली. नाव मीच काढलं, कारण ते काम माझंच होतं. तलावाच्या सिनेमाची टक्केवारी थोडी खाली आली. त्या दिग्दर्शक बाईला मी कळवलं आणि तिने फक्त 'बरं' म्हटलं. बाबांच्या वर्तमानपत्राला आपोआप सूचना गेली. उद्या-परवा त्यांचे संपादक फोन करतील, खूप आदराने बोलतील, आणि मग शर्टाला इस्त्री करायचा दिवसच उरणार नाही.

घरी आले तेव्हा आत्या ताटं मांडत होती आणि बाबा टेबलाचे खण उघडत-मिटत होते. "पुस्तिका कुठे गेली गं? उद्याचं लिहायचंय." ती माझ्या पिशवीत होती. मी काढणार होते. "राहू दे आता, दादा, जेवून घे," आत्या म्हणाली. बाबा बसले. त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून म्हणाले, "खोटा आहे." "काय खोटं?" मी विचारलं. "सिनेमा. सकाळचा." आत्याने माझ्याकडे पाहिलं. बाबा पावाकडे बघत सावकाश बोलत होते, जुन्या आवाजात, पुलापलीकडच्या. "त्या बाईला एकदाही एकटं रडू दिलेलं नाही. ती रडते तेव्हा आजूबाजूला चार माणसं थांबून बघतात. कोणी नसलं तर वाद्यं येतात. भिंतीशी रडते तिथे तर खिडकीत एक म्हातारी उभी केलीय, तिची कीव करायला. आपण कुठे रडायचं ते आपल्याला बोट धरून दाखवतात. ज्याचं मूल हरवतं त्याच्याकडे कोणी बघत नसतं. हेच तर त्याचं दुःख असतं."

मी तो सिनेमा शेजारी बसून पाहिला होता, आणि ती भिंतीशी रडली तेव्हा मीही रडले होते. खिडकीतली म्हातारी मला दिसली नव्हती. आता दिसली, पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, पदर डोळ्यांना लावलेली. होती. नक्की होती. गोष्ट त्यांना कळली नव्हती, ती बाई कोण हे कितीदा सांगूनही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, टेबलाजवळ गोळा केलेली मतं वाटेतच कुठेतरी सांडली होती, आणि पुस्तिका मी उचलून नेली होती. उरले होते फक्त डोळे. "लिहून घे, लिहून घे," बाबा म्हणाले, "जाईल नाहीतर." मी मोबाइलवर लिहायला लागले. त्यांनी आणखी दोन वाक्यं सांगितली, त्यातलं एक इतकं धारदार होतं की आत्या हसली आणि "काय बाई तोंड हे" म्हणाली. मग बाबा थांबले. "खोटा आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमाने, म्हातारीपर्यंत. मी तेही लिहून घेतलं. तिसऱ्यांदा ते म्हातारीपर्यंत पोचले नाहीत.

साइट मोबाइलवर समोरच उघडी होती. सकाळच्या सिनेमाची परीक्षणं दुपारपासून येत होती आणि माझ्या जागी बसलेल्या मुलाने भराभर शेरे मारले होते. हो, हो, हो. वरती शंभरचा आकडा झळकत होता. आमच्याकडे शंभर फार क्वचित लागतात. सरासरींनी ऑफिसात चहा मागवला असेल. या एका 'नाही'ला आता जागा नव्हती. मी तो मजकूर कुठल्याही चौकटीत घालू शकत नव्हते. नाव टाकलं तर यंत्र म्हणणार होतं, असा समीक्षक नाही.

बाबांनी पाव सूपमध्ये बुडवला आणि माझ्या मोबाइलकडे मान वळवली. "काय म्हणतायत? आवडला लोकांना?"

"आवडला."

"सगळ्यांना?"

आत्या माझ्याकडे बघत होती.

"एक जण सोडून," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी चमचा खाली ठेवला, माझ्याकडे जरा झुकले, आणि मनापासून, एखाद्या चांगल्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, "कोण गं तो?"